बघ्यांना शिक्षा, पोरांना शिक्षण

कोलोन :

2016च्या ऑक्टोबरमध्ये, सुट्टीच्या दिवशी, एसेन शहरातल्या एका बँकेत एटीएमपाशी ऐंशी ओलांडलेले एक गृहस्थ कोसळले. पाठोपाठ चौघे जण आले, पैसे काढून त्यांना वळसा घालून किंवा ओलांडून निघून गेले. पाचव्याने 112 लावला. आजोबा पुढे दगावले. कॅमेऱ्यात सगळं टिपलं गेलं होतं. पुढच्या वर्षी न्यायालयाने त्यांतल्या तिघांना 2,400 ते 3,600 युरो दंड ठोठावला. कुणी बेघर झोपला असेल असं वाटलं, हा त्यांचा बचाव चालला नाही.

संकटातल्या माणसाला शक्य असूनही मदत न करणं हा इथे गुन्हा आहे. वर्षभराच्या कैदेपर्यंत शिक्षा होऊ शकते. आपल्याकडे 2019च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याच्या मागे पोलीस-कोर्टाचा ससेमिरा लागू नये याची तरतूद केली. जर्मनीत तो न करणाऱ्याच्या मागे लागतो. करणाऱ्याला मात्र इथे सरकारी अपघात विम्याचं छत्र आहे. मदतीच्या धावपळीत स्वतःचा कोट फाटला, तरी भरपाई मागता येते! शिवाय लायसन्सआधी प्रथमोपचाराचा कोर्स सक्तीचा, गाडीत प्रथमोपचार पेटी सक्तीची.

पण धाकाने माणूस फार तर थांबतो. हात कुठे ठेवायचे हे त्याला ठाऊक लागतं. लायसन्सचा कोर्स ऐन तारुण्यात एकदा होतो आणि चाळिशीपर्यंत पार विसरला जातो. कुणाचं हृदय बंद पडलं, तर रुग्णवाहिका येण्याआधी आसपासच्यांनी सीपीआर सुरू करण्याचं प्रमाण 2010च्या सुमारास पाचात जेमतेम एक होतं. आता ते निम्म्याच्या आसपास आलंय. शेजारच्या डेन्मार्कने 2005मध्येच शाळांत हे शिक्षण कायद्याने आणलं, त्याचा दाखला इथले डॉक्टर सतत देतात. कोलोनच्या विद्यापीठ रुग्णालयातले भूलतज्ज्ञ बेर्न्ड ब्योटिगर यांनी तर हा ध्यासच घेतला. 2014मध्ये राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने शिफारस केली : सातवीपासून दरवर्षी दोन तास सीपीआर.

असा एक तास मी पाहिला. जिमच्या फरशीवर कमरेपर्यंतचे रबरी पुतळे, त्यांच्याभोवती गुडघ्यांवर बसलेली आठवीची मुलं. पहिली पाच मिनिटं नुसतं खिदळणं. मग शिक्षिकेने तीनच शब्द फळ्यावर लिहिले : तपासा, बोलवा, दाबा. छातीच्या मधोमध, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा. दाब पुरेसा पडला की पुतळ्यातून 'टक' आवाज येतो. एका किरकोळ मुलीचा टक काही केल्या येईना. शिक्षिकेने तिला कोपर ताठ ठेवून खांदे पुढे आणायला लावले, आणि टकटक सुरू झाली. दोन मिनिटांत ती घामाघूम. तिथे गडी बदलायचा, हेही शिकवण्यातच येतं. "बरगडी मोडली तर?" एका मुलाने विचारलं. "बरगडी जुळून येते," शिक्षिका म्हणाल्या.

मला मात्र या दोन तासांपेक्षा शाळांमधली विद्यार्थ्यांची प्रथमोपचार पथकं जास्त मोलाची वाटतात. रेड क्रॉस, माल्टेझर, योहानिटर अशा संस्था मुलांना तयार करतात. मग मधल्या सुट्टीत खरचटलेले गुडघे, मुरगळलेले पाय, नाकातून आलेलं रक्त हे सगळं तीच सांभाळतात. औषध द्यायची त्यांना मुभा नाही, डोकेदुखीची गोळीसुद्धा नाही. आणि जर्मनीच ती! साधी पट्टी चिकटवली तरी नोंद करायची, ती पाच वर्षं जपून ठेवायची. पण रक्त बघून न बिचकण्याची सवय लागते ती इथेच, पुतळ्यावर नाही.

घोडं अडलंय ते राज्यांपाशी. इथे शिक्षण हा सोळा राज्यांचा आपापला कारभार, त्यामुळे परिषदेची शिफारस ही शिफारसच राहते. एखाद्या शाळेत दरवर्षी तास होतो, पलीकडच्या शाळेत कुणा शिक्षकाने मनावर घेतलं तर. शिक्षकांचा तुटवडा आहेच. त्यात हे दोन तास जीवशास्त्रातून काढायचे की खेळाच्या तासातून, यावर शिक्षकांच्या खोलीत अजून खल चालू आहे.