खेळाडूची ठेव

ऑनलाइन रोल-प्लेइंग खेळांत खेळाडू एखादे पात्र धारण करतो आणि हजारो अनोळखी सोबत्यांसह काल्पनिक जगात वर्षानुवर्षे वावरतो. त्याची खरी गुंतवणूक पैशाची नसून वेळेची असते. म्हणूनच त्याच्या अपेक्षा ग्राहकापेक्षा ठेवीदाराच्या अपेक्षांशी अधिक जुळतात.

जपानच्या स्क्वेअर एनिक्स कंपनीचा ‘फायनल फँटसी फोर्टीन’ हा खेळ याचे बोलके उदाहरण होय. सप्टेंबर २०१० मध्ये तो आला, तेव्हा त्यातील दृश्ये नेत्रदीपक होती. परंतु रचना क्लिष्ट आणि गती मंद होती. खेळाडूंची घोर निराशा झाली. कंपनीने जाहीर क्षमा मागितली, वर्षाहून अधिक काळ मासिक शुल्क घेतले नाही आणि नाओकी योशिदा यांच्याकडे सूत्रे सोपविली. नोव्हेंबर २०१२ मध्ये जुने जग बंद झाले. ऑगस्ट २०१३ मध्ये नवे उभे राहिले, आणि जुन्या खेळाडूंची पात्रे त्यात सुरक्षित राहिली. पुढे २०२१ च्या डिसेंबरात सर्व्हरवर असह्य ताण येताच कंपनीने नव्या प्रतींची विक्रीच काही काळ थांबविली.

नव्या ठेवींच्या मोहापेक्षा जुन्या ठेवीदाराचा विश्वास मोठा, हे व्यवहाराचे मूळ सूत्र येथे पाळले गेले. आपल्या घरातील तरुण खेळाडूंनीही कोणत्याही खेळात वेळ गुंतविण्यापूर्वी हाच प्रश्न विचारावा : माझ्या ठेवीची येथे कदर आहे काय?