चार गाठी, सहा काड्या आणि कोंडलेलं विष

कामं आटोपून बसला असाल, नाहीतर हातात निवडायची भाजी असेल. हात चालू द्या, कान इकडे ठेवा.

मागे उंदीर मारायच्या औषधावर आम्ही बोललो होतो. तेव्हा एका गटातल्या ताईंनी विचारलं, "माणूस चंद्रावर यान पाठवतो, मग या एवढ्याशा ट्यूबमधल्या विषाला उतारा का सापडत नाही?" प्रश्न खरा होता आणि आमच्याकडे उत्तर नव्हतं. मग आम्ही वाचलं, जाणत्यांना विचारलं. उतारा सापडलेला नाही, हे आधीच सांगतो. पण याच विषाला शास्त्रज्ञांनी एका पिंजऱ्यात कोंडून दाखवलं आहे. तो पिंजरा कसला, तो कोण बांधतं आणि त्याचा उपयोग काय, हे आज समजून घेऊ.

आधी विषाची ओळख. मंजनाच्या ट्यूबसारख्या दिसणाऱ्या काही उंदीरनाशकांत पिवळा फॉस्फरस असतो. त्यालाच पांढरा फॉस्फरसही म्हणतात. शुद्ध असताना तो मेणासारखा पांढरट दिसतो, उजेड लागला की पिवळा पडतो. साधारण ३० अंश तापमानाला तो उघड्या हवेत आपोआप पेट घेतो. आपल्याकडे उन्हाळ्यात सावलीतसुद्धा पारा याच्या वर असतो. म्हणून प्रयोगशाळेत तो पाण्याखाली बुडवून ठेवतात.

तो असा तापट का? त्याचा सगळ्यात लहान कण, म्हणजे रेणू, फॉस्फरसच्या चार अणूंचा बनलेला असतो. हे चार अणू एकमेकांना फार आवळून बांधलेले असतात. वाकवून धरलेली बांबूची कामटी सुटायलाच टपलेली असते, तसं हे. ऑक्सिजन भेटला की बांधणी सुटते आणि आग बाहेर पडते.

या फॉस्फरसने बायकांचं फार नुकसान केलं आहे. एकोणिसाव्या शतकात काड्यापेटीच्या काडीचं गुल यापासूनच बनायचं. लंडनच्या पूर्व भागातल्या एका कारखान्यात शेकडो बाया आणि मुली हे काम करत. त्याच्या वाफेने दात दुखायला लागायचे, मग जबड्याचं हाड सडायचं. दात दुखतो म्हटलं तर काम जायची भीती, म्हणून बाया दुखणं लपवत. वर बारीकसारीक गोष्टींसाठी दंड. जून १८८८ मध्ये ॲनी बेझंट यांनी या मुलींच्या हालांवर लेख लिहिला. ह्याच ॲनी बेझंट पुढे भारतात आल्या आणि १९१७ मध्ये काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या. त्या लेखानंतर जुलै १८८८ मध्ये सुमारे १४०० बाया आणि मुलींनी काम बंद ठेवलं आणि दंड रद्द करून घेतले. विष मात्र लगेच गेलं नाही. १९०६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांवर बंदी घालायचा करार काही देशांनी केला. आपल्याकडे तसा कायदा १९१३ मध्ये झाला. आज आपल्या घरातल्या काड्यापेटीच्या कडेला असतो तो लाल फॉस्फरस. त्याचे अणू लांब साखळीत गुंतलेले असतात, त्यामुळे तो पुष्कळ शांत असतो.

आता पिंजऱ्याकडे येऊ. गटाच्या बैठकीत हे करून बघा. मळलेल्या कणकेच्या चार गोळ्या घ्या आणि खराट्याच्या सारख्या लांबीच्या सहा काड्या घ्या. तीन गोळ्या आणि तीन काड्यांचा जमिनीवर त्रिकोण करा. प्रत्येक गोळीत आणखी एक काडी वरच्या बाजूला खोचा. तिन्ही काड्यांची टोकं वर एकत्र आणून चौथ्या गोळीत रोवा. झाला पिंजरा. चार गाठी, सहा काड्या आणि आत थोडी मोकळी जागा. प्रत्येक गाठीत तीन काड्या येतात, हे मोजून घ्या.

शास्त्रज्ञांचा पिंजरा हुबेहूब असाच आहे. गोळीच्या जागी लोखंडाचा एक अणू आणि काडीच्या जागी कार्बन, नायट्रोजन वगैरेंचा एक लांबट रेणू. अशा पिंजऱ्याला इंग्रजीत कोऑर्डिनेशन केज म्हणतात. म्हणजे धातूने हात धरून उभा केलेला पिंजरा. तो इतका बारीक असतो की आपल्या डोक्याच्या एका केसाच्या जाडीवर असे हजारो पिंजरे ओळीने मांडता येतील.

मग एवढ्याशा काड्या आणि गोळ्या धरतं कोण? कोणीच नाही. पिंजरा आपला आपण बांधला जातो. गंमत आहे ती इथेच.

लोखंडाच्या या अणूला सहा हात असतात असं समजा. प्रत्येक काडीच्या टोकाला पकडायच्या दोन जागा असतात. म्हणजे एका लोखंडापाशी तीनच काड्या येऊ शकतात, तीन दुणे सहा. काडीची दोन टोकं कोणत्या दिशेला तोंड करून आहेत, हे शास्त्रज्ञ आधीच ठरवतात. सामान मापात पाण्यात मिसळलं की हात हात शोधू लागतात. चुकीची जोडी जुळली तर ती सुटते, कारण हे बंध फार पक्के नसतात. पुन्हा जुळते, पुन्हा सुटते. शेवटी ज्या मांडणीत एकही हात रिकामा राहत नाही आणि एकही काडी वाकत नाही, ती मांडणी टिकते. तीच चार गाठी आणि सहा काड्यांची.

लग्नाच्या पंगतीत कोणी जागा नेमून देत नाही. माणसं उठतात, सरकतात, कोणी आईजवळ जातं, कोणी मैत्रिणीजवळ, आणि थोड्या वेळात सगळी पंगत बरोबर बसते. तसंच हे. फरक इतकाच की इथे कोणाला मन नाही. धडका, सुटणं, जुळणं एवढंच चालू असतं.

असे पिंजरे बांधायची वाट दाखवणाऱ्यांत जपानचे माकोतो फुजिता यांचं नाव मोठं आहे. १९९० मध्ये त्यांनी पॅलेडियम नावाचा धातू कोपऱ्यांत ठेवून आपोआप जुळणारा एक चौकोन केला. १९९५ मध्ये त्यांनी सहा धातू आणि चार पत्र्यांसारखे रेणू घेऊन पोकळ पिंजरा केला. आपल्या देशातही हे काम चालतं. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत असे पिंजरे बनवतात, पुण्याच्या आयसरमध्येही.

२००९ मध्ये इंग्लंडच्या केंब्रिज विद्यापीठात जोनाथन नित्श्के यांच्या गटाने लोखंडाच्या पिंजऱ्यात पांढरा फॉस्फरस घातला. त्या शोधनिबंधावर पहिलं नाव प्रसेनजित माल या भारतीय संशोधकाचं आहे. त्यांनी पाण्यात विरघळलेल्या पिंजऱ्यांमध्ये फॉस्फरस टाकला. फॉस्फरसला पाणी आवडत नाही आणि पिंजऱ्याच्या पोटात पाण्यापासून आडोसा मिळतो. त्याचा चार अणूंचा रेणू पिंजऱ्याच्या चार कोपऱ्यांच्या पोकळीत नेमका मावला. मग उघड्या हवेत ठेवूनही तो पेटला नाही. जो ३० अंशांना भडकतो, तो निमूट बसून राहिला.

आम्हाला आधी वाटलं, पिंजऱ्याच्या भिंतींनी हवा अडवली असेल. तसं नाही. ऑक्सिजनचा रेणू लहान असतो, त्या काड्यांच्या फटींतून तो आत शिरू शकतो. अडचण पुढची आहे. फॉस्फरसला ऑक्सिजन जोडला गेला की जो नवा रेणू बनतो, तो आकाराने मोठा होतो आणि पिंजऱ्यात तेवढी जागाच नसते. अरुंद कपाटात मिटलेली छत्री ठेवली आणि खटका दाबला, तरी ती उघडणार कुठे? फॉस्फरसचा स्वभाव बदललेला नाही. त्याला फक्त उघडायला जागा दिलेली नाही.

त्याला बाहेर काढायची युक्तीही त्यांनी दाखवली. बेंझिन नावाचा पदार्थ घातला की बेंझिन त्या पोकळीत जाऊन बसतं आणि फॉस्फरस बाहेर पडतो. बाहेर आला की पुन्हा हवेशी भिडतो. पिंजराही सोडवता येतो. पाणी आंबट केलं, म्हणजे त्यात आम्ल घातलं, की गाठी सुटून काड्या वेगळ्या होतात. आंबटपणा काढला की पिंजरा परत जुळतो.

याचा उपयोग काय, असं तुम्ही विचारणारच. तीन कामं सांगतो.

पहिलं काम वेचण्याचं. सूप जसं दाणे आणि फोलपट वेगळं करतं, तसा पिंजरा आपल्या पोकळीत मावेल तेच घेतो. विजेच्या मोठ्या उपकेंद्रांतल्या स्विचांमध्ये सल्फर हेक्साफ्लोराइड नावाचा वायू भरतात. तो गळला तर पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या वीस हजार पटींहून जास्त भारी पडतो. लोखंडाचा हाच पिंजरा तो वायू पकडून ठेवतो, हेही त्याच गटाने दाखवलं आहे.

दुसरं काम जुळवण्याचं. दोन रेणू मोकळ्या भांड्यात एका प्रकारे जोडले जातात. त्यांना पिंजऱ्यात दाटीवाटीने बसवलं तर ते वेगळ्या जागी जोडले जातात आणि वेगळाच पदार्थ मिळतो. फुजितांच्या गटाने हे २००६ मध्ये करून दाखवलं. औषधं बनवणाऱ्यांना याचं महत्त्व फार.

तिसरं काम सांभाळण्याचं, ते आपण फॉस्फरसमध्ये पाहिलं. धोकादायक किंवा नाजूक वस्तू हवेपासून राखायची आणि हवी तेव्हा सोडायची.

असलं काही आपल्या घरात कुठे दिसणार, असं वाटेल. तर चुन्यात घालायची अल्ट्रामरीन नीळ आठवा. तो धातूने हात धरलेला पिंजरा नव्हे, मातीच्या जातीचा आहे. पण तिचा निळा रंग येतो तो बारीक पोकळ्यांत कोंडलेल्या गंधकाच्या तीन-तीन अणूंच्या कणांमुळे. हे कण बाहेर मोकळे असते तर टिकले नसते. कोंडले म्हणून टिकले. भिंतीला दिलेला निळसर हात म्हणजे एका अर्थी लाखो पिंजऱ्यांचाच थर.

आता ताईंच्या प्रश्नाकडे परत. हा पिंजरा माणसाच्या पोटातलं विष का पकडू शकत नाही? कारण तो बाटलीतल्या स्वच्छ पाण्यात, मोजून घेतलेल्या सामानात चालतो. पोटात आम्ल असतं आणि आम्लाने हाच पिंजरा सुटतो, हे आत्ताच आपण पाहिलं. शिवाय फॉस्फरस थोड्या वेळात रक्तातून यकृतापर्यंत पोचतो. त्याच्या मागे धावून त्याला गाठणारा पिंजरा आज नाही. म्हणून बाटलीतल्या यशावर विसंबून घरातली सावधगिरी सोडू नका.

पुढचं नीट ऐका आणि गटात सगळ्यांना सांगा. हे विष फसवं आहे. पोटात गेल्यावर पहिल्या दिवशी उलट्या होतात, पोट दुखतं. मग एक-दोन दिवस माणूस बरा वाटतो, जेवतो, हिंडतो. घरचे म्हणतात, निभावलं. आणि मग कावीळ दिसते, यकृत निकामी होऊ लागतं. त्या बऱ्या वाटण्यावर विश्वास ठेवू नका. थोडंसंच गेलं असेल, मुलाने नुसतं बोटाने चाटलं असेल, तरी त्याच क्षणी १०८ ला फोन करा आणि मोठ्या दवाखान्यात न्या. ट्यूब सोबत न्या, म्हणजे डॉक्टरांना विष कोणतं ते कळेल. घरी ओकारी काढू नका. दूध, तूप, तेल पाजू नका, कारण फॉस्फरस स्निग्धात विरघळतो आणि अंगात लवकर भिनतो. उतारा नसला तरी यकृताला आधार देणारे उपचार आहेत आणि लवकर पोचलेल्याला त्यांचा फायदा होतो.

अशी ट्यूब घरात आणूच नये हे उत्तम. उंदरांसाठी सापळा लावा, धान्य पत्र्याच्या कोठीत ठेवा, बिळं बुजवा. आधीच आणली असेल तर मंजन, मशेरी जिथे असते त्या फळीवर ती कधीही ठेवू नका. कुलपात ठेवा. आणि एक गोष्ट हळू आवाजात सांगतो. हे विष चुकून जातं, तसं जीव नकोसा होऊनही घेतलं जातं. आपल्या गटातली एखादी गप्प गप्प राहू लागली, हप्त्याच्या काळजीने खचली, तर तिच्याजवळ जाऊन बसा, तिला बोलू द्या. १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर फोन करता येतो, पैसे पडत नाहीत.

पुढच्या बैठकीत कणकेचा आणि काड्यांचा पिंजरा पोरींकडून करून घ्या. चार गाठी आणि सहा काड्या बरोबर जुळल्या की त्यांना विचारा, आत काय मावेल आणि काय मावणार नाही. आणि त्याच बैठकीत प्रत्येकीने आपल्या घरातल्या फळीवर काय काय ठेवलं आहे, ते आठवून सांगायचं. काय निघालं ते आम्हाला कळवा. पुन्हा भेटू, नमस्कार.