मुक्या धातूचे पाय

लोहाराच्या भट्टीतले पोलाद सतत काहीतरी सांगत असते. आधी काळपट तांबडे, मग लाल, मग नारिंगी. पाणी पाजलेली छिन्नी पुन्हा हलकी तापवली, की तिच्या घासलेल्या अंगावर गवती पिवळा, जांभळा, निळा असे रंग चढत जातात, आणि कोणत्या रंगावर थांबायचे हे लोहाराला ठाऊक असते. पोलाद पाण्यात गेले की कडक होते. पुण्याच्या तांबट आळीत याच्या उलट दृश्य दिसते. ठोकून ठोकून ताठर झालेले तांब्याचे भांडे भट्टीत लाल करून पाण्यात बुडवले, की ते मऊ होऊन पुन्हा ठोकायला तयार. (मऊपणा आगीचा असतो, पाणी केवळ घाई म्हणून.)

विमानाच्या ॲल्युमिनियमची तऱ्हा या दोघांहून तिसरीच. ते तापवून पाण्यात टाकले की मऊ होते आणि मग नुसते ठेवून दिले तरी आपोआप कडक होऊ लागते. शिवाय तापताना ते रंग दाखवत नाही. वितळण्याच्या क्षणापर्यंत ते जसे होते तसेच पांढुरके दिसते. या अबोलपणाचा सर्वांत मोठा हिशोब चुकता करावा लागतो तो घरी बांधलेल्या विमानांच्या पायांना, म्हणजे ज्याला आपण लँडिंग गिअर म्हणतो त्याला. मी स्वतः विमान बांधलेले नाही आणि धातुशास्त्राची पदवीही माझ्यापाशी नाही. पण हातकारागिरांच्या दुकानांत बसून आणि पुस्तके धुंडाळून धातूंविषयी जे काही शिकलो, त्यात या पायांइतके मला दुसऱ्या कशाने अडवून धरले नाही.

घरी विमान बांधणे ही आपल्याकडे अपवादाची गोष्ट. कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव 2016 मध्ये 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनामुळे सर्वांना माहीत झाले. अमेरिकेत मात्र अशा विमानांची संख्या हजारोंत आहे. तिथल्या नियमानुसार विमानाचा निम्म्याहून अधिक भाग हौशी व्यक्तीने शिक्षणासाठी वा आनंदासाठी बांधलेला असेल, तर त्याला 'एक्सपेरिमेंटल' या वर्गात उड्डाणाची परवानगी मिळते. हा शब्द विमानावर ठळक लिहावा लागतो, आणि कारखान्यात बनलेल्या विमानांचे सुरक्षानियम याला लागू नाहीत, अशी सूचना प्रवाशाला दिसेल अशी लावावी लागते. या मंडळींची संघटना पॉल पोबरेझ्नी यांनी 1953 मध्ये मिलवॉकी शहरात सुरू केली. तिचा वार्षिक मेळा 1970 पासून विस्कॉन्सिन राज्यातल्याच ऑशकॉश गावी भरतो आणि तिथल्या विमानतळाला स्टीव्ह विटमन यांचे नाव आहे.

विटमन हे आपल्या विषयाचे मूळपुरुष. शर्यतीची विमाने स्वतः बांधून स्वतः उडवणाऱ्या या माणसाने विमानाच्या पायातली दांडे, रबर आणि बिजागऱ्यांची सगळी गुंतागुंत काढून टाकली आणि तिथे पोलादाची एक सपाट वाकलेली पट्टी बसवली. ट्रकखाली असतात तसल्या पाट्यांपैकी एकच पाटा समजा. एक टोक विमानाच्या धडाला, दुसऱ्या टोकाला चाक. सेस्ना कंपनीने ही कल्पना त्यांच्याकडून घेतली आणि 1946 च्या सुमारास आलेल्या तिच्या छोट्या विमानांपासून ती जगभर पसरली. हौशी बांधणाऱ्यांनी पुढे पोलादाच्या जागी ॲल्युमिनियमची जाड पट्टी आणली. कित्येक विमानांत ती एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत अखंड असते: मधला भाग धडाखाली सपाट, दोन्ही बाजूंना खाली वाकलेले पाय.

ॲल्युमिनियम का, याचे उत्तर साध्या गणितात मिळते. 600 किलोचे विमान सेकंदाला 2 मीटर वेगाने खाली येत जमिनीला टेकले, तर 1200 ज्यूल ऊर्जा कुठेतरी मुरवावी लागते. टायर थोडी घेतो, उरलेली पाय वाकून साठवतात. कायमचे न वाकता एक किलो धातू किती ऊर्जा साठवू शकेल, हे त्या धातूच्या ताकदीच्या वर्गावर अवलंबून असते. म्हणजे ताकद दुप्पट झाली की साठवण चौपट. 7075 क्रमांकाच्या जस्तमिश्रित ॲल्युमिनियमची, पूर्ण कडक केलेल्या टी-6 अवस्थेत, ही क्षमता किलोला सुमारे 630 ज्यूल येते. चांगल्या स्प्रिंगच्या पोलादाच्या तोडीस तोड. तर 6061 या अधिक सोशिक, अधिक स्वस्त मिश्रधातूची टी-6 अवस्थेत सुमारे 200. तेव्हा पायांसाठी 7075 हवे, हे उघड आहे. पण ते वाकत नाही! पायांची सारी कहाणी या एका पेचातून निघते.

तो पेच समजायला थोडे मागे जावे लागेल. 1906 मध्ये बर्लिनजवळ आल्फ्रेड विल्म हे धातुतज्ज्ञ ॲल्युमिनियममध्ये थोडे तांबे आणि मॅग्नेशियम मिसळून ते पोलादासारखे पाणी पाजून कडक होते का, हे पाहत होते. पाण्यात बुडवल्यावर हाती काही विशेष लागले नाही. मधली सुट्टी संपवून येऊन त्यांनी तोच नमुना पुन्हा मोजला, तर तो कितीतरी कडक झालेला! दरम्यान त्याला कुणी हातही लावला नव्हता. यातून ड्युरालुमिन जन्माला आले. असे का होते याचा थेट पुरावा 1938 मध्ये फ्रान्सचे गिनिए आणि ब्रिटनचे प्रेस्टन यांनी स्वतंत्रपणे क्ष-किरणांनी मिळवला. तापवल्यावर मिश्रणातले परके अणू ॲल्युमिनियममध्ये विरघळतात. पाण्यात एकदम थंड केले की जिथल्या तिथे अडकून पडतात. आणि मग हळूहळू एकमेकांजवळ सरकत सूक्ष्म पुंजके करतात. हे पुंजके धातूच्या थरांना एकमेकांवरून घसरू देत नाहीत. कडकपणा तो हाच. दुसऱ्या महायुद्धात कारखान्यांतली बायका-माणसे ॲल्युमिनियमचे रिव्हेट तापवून, पाण्यात बुडवून थेट बर्फाच्या पेटीत ठेवत, ते याच कारणाने. थंडीत अणूंचे सरकणे मंदावते आणि रिव्हेट ठोकायचा होईपर्यंत मऊ राहतो.

म्हणजे कडकपणा ही ॲल्युमिनियममधली एक मांडणी आहे, आणि अवेळी उष्णता मिळाली की ती मोडते. पुंजके फुगतात, विरळ होतात, थर घसरू लागतात. कडक 6061 पूर्ण मऊ झाले की त्याची ताकद जवळपास पाचव्या हिश्श्यावर येते. दिसायला फरक शून्य.

आता वाकवण्याकडे येऊ. पट्टी वाकवली की तिची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते. किती, याचे सूत्र शाळकरी आहे: जाडी भागिले, आतल्या त्रिज्येची दुप्पट अधिक जाडी. 20 मिलिमीटर जाडीची पट्टी 100 मिलिमीटर त्रिज्येत वाकवली, तर बाहेरचा थर 9 टक्के ताणला जातो. त्रिज्या 60 केली तर 14 टक्के. टी-6 अवस्थेतले हे दोन्ही धातू तुटण्यापूर्वी साधारण 11-12 टक्के ताणले जातात, आणि तेही प्रयोगशाळेतल्या गुळगुळीत नमुन्यात. त्यामुळे जाणता बांधणारा पट्टीच्या चारही कडा आधी कानशीने गोल करतो आणि पट्टीच्या लांबीच्या दिशेने पॉलिश पेपरने घासतो. आडवा ओरखडा ही तड्याची सुरुवातच. वाकाची रेघ सुईने कोरत नाहीत. शिसपेन्सिलही चालत नाही, कारण ग्राफाइटच्या रेघेखाली ॲल्युमिनियम गंजू लागते. मार्कर पेन वापरायचे, तेही नंतर पुसायचे.

यातून मोह होतो तो तापवण्याचा. गॅसची बत्ती घेतली, वाकाच्या जागी फिरवली की धातू लोण्यासारखा वाकतो. पातळ पत्र्यासाठी कारागिरांनी जुन्या काळापासून युक्त्या शोधल्या आहेत. साबणाचा हात फिरवायचा आणि तो काळा पडला की थांबायचे. किंवा ॲसिटिलीनच्या ज्योतीने काजळी धरायची आणि ती जळून गेली की थांबायचे. मुक्या धातूला उसनी जीभ दिल्यासारखे हे आहे, आणि मला या युक्त्या फार आवडतात. पण पायाच्या बाबतीत त्या घातक. तापवलेला पट्टा वाकतो छान, आणि ज्या जागी सर्वाधिक जोर येणार नेमकी तीच जागा कायमची कच्ची राहते. धातू पूर्ण मऊ करून वाकवायचा असेल, तर वाकवल्यानंतर संपूर्ण पाय भट्टीत परत कडक करायला हवा. 7075 साठी साधारण 470 अंश सेल्सिअस, लगेच पाणी, मग 120 अंशांवर 24 तास. पहिल्या टप्प्यात तापमान काही अंशांनी चढले तर धातूच्या कणांच्या सीमा आतल्या आत वितळू लागतात. हे गॅरेजमधले काम नव्हे. म्हणून बहुतेक शहाणे लोक 7075 चे पाय तयार विकत घेतात आणि स्वतः वाकवायचेच तर जाड, पण सोशिक 6061 थंड अवस्थेत, मोठ्या त्रिज्येत, हायड्रॉलिक प्रेसवर वाकवतात.

वाकवून झाले की सगळ्यांची नजर जाते वाकाच्या बाहेरच्या, ताणलेल्या बाजूकडे. तडा पडला असेल तर तिथेच, हे तर्कशुद्धही आहे. त्या दिवसापुरते ते बरोबर आहे. पण विमान उडू लागल्यावर गणित उलटते, आणि या लेखात मला ठासून सांगायची गोष्ट हीच.

प्रेसचा दाब काढला की पट्टी थोडी मागे येते. या मागे येण्यात बाहेरचा थर, जो नुकताच ताणला गेला होता, तो दाबात राहतो. आणि आतला, जो दाबला गेला होता, तो ताणात. थंड वाकवून तशाच वापरलेल्या पट्टीत हा ताण दबा धरून राहतो. आता विमान टेकते तेव्हा पाय काय करतात? फाकतात. म्हणजे वाक उघडू पाहतो आणि वाकाची आतली, जमिनीकडची बाजू ताणली जाते. तिथे आधीच शिल्लक असलेला ताण अधिक टेकण्याचा ताण, दर वेळी. पोलादाला थकव्याची एक किमान मर्यादा असते. तिच्याखालचा जोर ते कोट्यवधी वेळा सोसू शकते. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. जोर लहान असला तरी पुरेशा वेळा आला की तडा येतो. 1954 मध्ये कॉमेट या पहिल्या जेट प्रवासी विमानांच्या अपघातांनी जगाला हे फार मोठ्या किमतीत शिकवले. तेव्हा वाकवण्याच्या दिवशी वरून बाहेर बघायचे, आणि उडत्या विमानात पाठीवर झोपून, खालून, वाकाच्या आत. तिथेच चिखल बसतो, ब्रेकची नळी बांधलेली असते आणि क्लॅम्पखाली रंग घासला जातो. नळीसाठी पायाला भोक पाडणारेही असतात. त्यांच्याविषयी न बोललेले बरे.

तपासायचे कसे, तर आधी धुऊन, रंग रसायनाने काढून, दहापट भिंगाने. चुंबकाची भुकटी वापरून पोलादातले तडे दिसतात, ती पद्धत इथे कामाची नाही, कारण ॲल्युमिनियम चुंबकाला दाद देत नाही. इथे लाल रंगाचे पातळ तेल लावतात. ते दहा-पंधरा मिनिटे तड्यात झिरपू द्यायचे, मग कापडाने पुसायचे. कापड किंचित ओले चालेल. द्रावण थेट फवारले तर तड्यातला रंगही धुऊन निघतो. त्यावर पांढरी भुकटी मारली की तड्यातले तेल शोषले जाऊन पांढऱ्यावर बारीक लाल रेघ उमटते. एक पथ्य मात्र कडक: त्यापूर्वी तारेचा ब्रश किंवा वाळूचा फवारा मारायचा नाही. ॲल्युमिनियम मऊ, घासल्याने तड्याचे तोंड लिंपले जाते आणि तपासणी निर्दोष निघते.

त्याहून साधी तपासणी ओळंब्याची आहे. विमान नवे असताना, ठरावीक वजन ठेवून, दोन चाकांमधले अंतर आणि धडाची जमिनीपासूनची उंची मोजून लिहून ठेवायची. दरवर्षी तेच वजन, तीच सपाट फरशी. आधी विमान थोडे पुढेमागे ढकलायचे, म्हणजे टायरांचे अडकणे सुटते. अंतर वाढले असेल तर पाय कायमचे फाकू लागले आहेत, तडा दिसो वा न दिसो. आणि उष्णतेने मऊ पडलेली जागा? तिला शोधायला वीज लागते. पुंजके विरळ झाले की धातूतून वीज अधिक सहज वाहते. कडक 7075 ची विद्युतवाहकता शुद्ध तांब्याच्या सुमारे 33 टक्के असते, पूर्ण मऊ केल्यावर 45 च्या आसपास. पेनएवढ्या टोकाचे यंत्र पायावरून सरकवत नेले आणि वाकापाशी आकडा चढला, की तिथे कधीकाळी बत्ती फिरली होती हे कळते. आपल्या मुक्या धातूची एवढी एकच साक्ष.

अमेरिकेत घरी बांधलेल्या विमानाची दरवर्षी तपासणी सक्तीची आहे आणि ती करण्याचा परवाना बांधणाऱ्यालाच मिळू शकतो, त्या एका विमानापुरता. ज्याच्या हातांनी वाकवले, त्याचेच डोळे तपासणार. हे ओळखूनच तिथल्या संघटनेने अनुभवी सभासदांची एक व्यवस्था उभी केली आहे. ते बोलावले की गॅरेजमध्ये येतात, पैसे घेत नाहीत, काम पाहतात आणि सांगतात. विमान विकले गेले तर तो परवाना विमानाबरोबर जात नाही. अशा वेळी नवा मालक बहुधा परवानाधारक मेकॅनिकला बोलावतो. बांधणाऱ्याने बांधकामाची वही आणि छायाचित्रे दिली असतील तर तो मेकॅनिक आधी ती चाळतो: धातू कोणता, त्रिज्या किती, थंड वाकवले की तापवून, चाकांतले पहिले अंतर किती. ती पाने कोरी असतील, तर तो पाठीवर झोपतो आणि वाकाच्या आतून सुरुवात करतो.