पटावरची नजर, पटाबाहेरची नजर

२८ जुलै २०२५. काळ्या समुद्राच्या काठी वसलेलं जॉर्जियातलं बातुमी शहर. महिला बुद्धिबळ विश्वचषकाची अंतिम लढत टायब्रेकवर गेली आहे. पटाच्या एका बाजूला कोनेरू हंपी, भारताची पहिली महिला ग्रँडमास्टर. समोर नागपूरची दिव्या देशमुख, वय १९. २००२ साली हंपी ग्रँडमास्टर झाली तेव्हा दिव्याचा जन्मही झाला नव्हता. दोन्ही पारंपरिक डाव बरोबरीत सुटलेले, पहिला जलद डावही बरोबरीत. दुसऱ्या जलद डावात दिव्याकडे काळी मोहरी आहेत. घड्याळ धावत असतं, हंपीच्या हातून वेळेच्या दडपणाखाली चूक होते आणि थोड्या वेळानं ती डाव सोडते. दिव्याला खुर्चीतच रडू फुटतं, मग ती उठून आईच्या गळ्यात पडते.

या स्पर्धेत तिला पंधरावं मानांकन होतं. ग्रँडमास्टर व्हायला एरवी तीन नॉर्म (स्पर्धेतली ठरावीक दर्जाची कामगिरी) लागतात. तिच्याकडे त्यातला एकही नव्हता, पण विश्वचषक जिंकणाऱ्या खेळाडूला तो किताब थेट मिळतो. ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली.

त्याच्या दीड वर्ष आधी, जानेवारी २०२४ मध्ये, ती नेदरलँड्समधल्या वाइक आन झी इथल्या टाटा स्टील स्पर्धेत खेळली होती. परतल्यावर तिनं इन्स्टाग्रामवर मनातली सल मोकळेपणानं लिहिली. बघणाऱ्यांचं लक्ष तिच्या खेळाकडे नव्हतं. ते होतं केसांकडे, कपड्यांकडे, बोलण्याच्या ढंगाकडे. पुरुष खेळाडूंच्या खेळाचं कौतुक होतं आणि मुलींच्या बाबतीत खेळ सोडून बाकी सगळ्याची चर्चा होते, असं तिचं म्हणणं होतं. तेव्हा ती अठरा वर्षांची होती.

सौंदर्य, बुद्धी आणि शिक्षण या तीन गोष्टी बाईच्या पदरात पडल्या की समाज त्यांचं मोल कसं ठरवतो, हा प्रश्न मला नागपूरच्या या मुलीमुळे नव्यानं पडला. त्याचा माग काढताना मी थक्क झाले ती आधी बुद्धीपाशीच.

बुद्धिबळ खेळणाऱ्याच्या डोक्यात चालतं तरी काय? १९७३ साली विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या अमेरिकी संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. खऱ्या डावातली एक स्थिती खेळाडूला फक्त पाच सेकंद दाखवायची, पट झाकायचा आणि त्याला तीच स्थिती रिकाम्या पटावर मांडायला सांगायची. नवख्याला चारेक मोहरी आठवत. निष्णात खेळाडू पहिल्याच खेपेला सोळाच्या आसपास मोहरी जागच्या जागी ठेवी. मग त्यांनी तीच मोहरी पटावर कशीही विस्कटून मांडली. आणि काय आश्चर्य! निष्णात खेळाडूची आघाडी जवळजवळ नाहीशी झाली. त्याची स्मरणशक्ती आपल्यापेक्षा मोठी नव्हती. त्याला पटावर सुटी मोहरी दिसतच नव्हती, अर्थ असलेले पुंजके दिसत होते. किल्ला केलेला राजा, त्याच्यापुढची तीन प्यादी, पलीकडून रोखलेला उंट हे सगळं मिळून त्याच्यासाठी एकच चित्र होतं. अशी हजारो चित्रं वर्षानुवर्षांच्या सरावानं मनात साठतात. दिव्यानं ती पाचव्या वर्षापासून साठवायला घेतली आणि सातव्या वर्षी ती सात वर्षांखालच्या गटाची राष्ट्रीय विजेती होती.

आता दुसरा प्रयोग. तो १९९८ साली प्रसिद्ध झाला. बार्बरा फ्रेडरिकसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना एकेकट्यानं, आरसा असलेल्या खोलीत, कपडे घालून बघायला सांगितले. काहींना पोहण्याचा पोशाख दिला, काहींना स्वेटर. ते अंगावर असतानाच गणितं सोडवायला दिली. पोहण्याचा पोशाख घातलेल्या मुलींना स्वेटरवाल्या मुलींपेक्षा कमी गुण पडले. मुलग्यांमध्ये असा फरक दिसला नाही. आणि खोलीत दुसरं कुणीही नव्हतं! बघणारं कुणी नसताना मुलीच्या मनाचा एक कोपरा स्वतःच्या देहावर पहारा देत बसला होता. तेवढी बुद्धी गणिताच्या वाट्याला आलीच नाही. नजर बाहेरून येते, पण पुढे ती आतच मुक्काम करते.

हे वाचल्यावर दिव्याची तक्रार मला वेगळी ऐकू येऊ लागली. ही नाजूक मन दुखावल्याची गोष्ट नाही. चार-पाच तास एकाग्रतेवर चालणाऱ्या खेळात एकाग्रता हेच भांडवल असतं आणि बाईच्या त्या भांडवलावर बाहेरचे लोक हात मारत असतात.

इटलीतल्या पादुआ विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ साली तर थेट बुद्धिबळच निवडलं. सारख्या ताकदीच्या ४२ स्त्री-पुरुष जोड्या इंटरनेटवरून एकमेकांशी खेळल्या. समोर पुरुष आहे हे बाईला माहीत असलं की तिची कामगिरी जवळजवळ निम्म्यावर येई. समोर बाईच आहे असा तिचा समज करून दिला की ती त्याच पुरुषाशी तोडीस तोड खेळे. पण शास्त्र असं एका प्रयोगावर थांबत नाही, आणि मला इथे खरी मौज वाटते. २०१८ मध्ये टॉम स्टॅफर्ड यांनी स्पर्धांमधल्या पन्नास लाखांहून अधिक डावांची नोंद तपासली, तर पुरुषांशी खेळताना बायका मानांकनावरून अपेक्षित असतं त्यापेक्षा किंचित सरसच खेळलेल्या निघाल्या. दोन निष्कर्ष, दोन दिशा. मला त्यातून एवढंच कळतं की स्पर्धेच्या नोंदीत ज्या उरल्या, त्या नजरेला पुरून उरलेल्या आहेत. ज्या आधीच सोडून गेल्या त्यांची नोंद कुणाकडे नाही.

बुद्धिबळानं मात्र बुद्धीला एक माप दिलं आहे, आणि ते फार सुंदर आहे. हंगेरीत जन्मलेले अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ आर्पाद एलो यांनी ते तयार केलं आणि १९७० साली जागतिक बुद्धिबळ संघटनेनं स्वीकारलं. दोन खेळाडूंच्या मानांकनात २०० गुणांचा फरक असेल तर वरच्या खेळाडूनं शंभर डावांत सुमारे ७६ गुण मिळवावेत. फरक ४०० चा असेल तर ९१. अपेक्षेपेक्षा जास्त मिळवलेत तर मानांकन चढतं, कमी मिळवलेत तर उतरतं. बस्स. या गणिताला नाव, गाव, रंग, उंची, जात काहीही लागत नाही. फक्त निकाल लागतो.

समाजाकडे असं माप नाही, म्हणून तो यादी करतो. ‘वधू पाहिजे’ची कुठलीही जाहिरात किंवा व्हॉट्सॲपवर फिरणारा बायोडेटा घ्या. गोरी, सडपातळ, उंची अमुक, उच्चशिक्षित, गृहकृत्यदक्ष. पूर्वी बायोडेटात शिक्षणाची ओळ नसे, आता ती असते, ही प्रगतीच आहे. पण त्या यादीत ‘एमएस्सी’ हे बिरुद पाटल्या-बिलवरांसारखं येतं: अंगावर शोभावं, लग्नानंतर कपाटात जावं. नवऱ्या मुलापेक्षा जास्त शिकलेली मुलगी आली की तोच दागिना अचानक जड होतो. हुशार ही ओळ तर यादीत फारशी दिसतच नाही. शिक्षणाचा कागद दाखवता येतो, सौंदर्याचा फोटो पाठवता येतो. बुद्धी दिसायला समोरच्याला बराच वेळ आपल्याशी बोलत बसावं लागतं, आणि पोह्यांची बशी रिकामी होईपर्यंत ते घडत नाही.

नागपूरनं याहून कठोर मोजमापही पाहिलं आहे. जाईबाई चौधरी १८९२ मध्ये उमरेडला एका महार कुटुंबात जन्मल्या. १८९६ च्या दुष्काळात घर नागपूरला आलं. नवव्या वर्षी लग्न झालं. पोटासाठी त्या नागपूर-कामठी अशी पंधराएक किलोमीटरची वाट डोक्यावर ओझं घेऊन चालत. ग्रेगरी नावाच्या मिशनरी बाईंनी त्या शिकलेल्या आहेत हे पाहून त्यांना महिना चार रुपयांवर मिशनच्या शाळेत शिक्षिका म्हणून ठेवलं. जाईबाईंची जात कळल्यावर सवर्ण पालकांनी मुलं काढून घ्यायला सुरुवात केली आणि नोकरी गेली. वर्गातली मुलं तीच होती, शिकवणारी तीच, शिकवणंही तेच. १९२२ साली त्यांनी नागपुरात संत चोखामेळा कन्या पाठशाळा काढली.

पुढचा प्रसंग मला अधिक बोचतो. १९३७ च्या डिसेंबरात अखिल भारतीय महिला परिषदेचं अधिवेशन नागपुरात भरलं. ही संस्था १९२७ साली पुण्यात जन्मली तीच मुळी स्त्रीशिक्षणाचा विचार करायला. तिथे जेवणाच्या वेळी जाईबाईंना आणि त्यांच्यासोबतच्या दलित बायकांना वेगळं बसवून अपमानित केलं गेलं. १ जानेवारी १९३८ रोजी या बायकांनी निषेध सभा घेतली. शिकलेल्या बायकांनीच एका शिकलेल्या बाईची पंगत वेगळी मांडावी, हे आजही गिळवत नाही.

पण नागपूरची गोष्ट तिथे संपली नाही. २० जुलै १९४२ रोजी याच शहरात दलित महिलांची परिषद भरली. अध्यक्ष अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. आलेल्या बायका हजारोंनी. घटस्फोटाचा हक्क, एकाहून अधिक बायका करण्याला बंदी, मुलींसाठी वसतिगृहं, गिरणीत बायकांवर देखरेखीला बाईच, असे ठराव त्यांनी केले. हे हिंदू कोड बिलाच्या वादळाआधीचं आहे! बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे सांगितलं की समाज किती पुढे गेला हे मी त्यातल्या बायका किती पुढे गेल्या यावरून मोजतो. मुलांना शिकवा, लग्नाची घाई करू नका, नवऱ्याच्या बरोबरीनं मैत्रीण म्हणून उभ्या राहा, असंही ते बोलले.

त्याच बाबासाहेबांनी १९२७ मध्ये महाडला बायकांना लुगडं नेसण्याची पद्धत बदलायला आणि जात ओळखू येईल असे जड दागिने टाकायला सांगितलं होतं, आणि बायकांनी ते लागलीच अमलात आणलं. म्हणून दिसणं ही फालतू गोष्ट आहे, बुद्धिमान बाईनं तिकडे लक्षच देऊ नये, हे मला मान्य नाही. ज्यांच्या अंगावर कपड्यांनी जात लिहिली होती त्यांच्यासाठी नीटनेटकं, मनासारखं नेसणं हे स्वातंत्र्य होतं. दिव्यालाही केस कसे बांधायचे याचा पूर्ण हक्क आहे. हरकत आहे ती तिचं दिसणं तिच्या खेळाच्या आड उभं करण्याला.

बुद्धिबळातही दार आपणहून उघडलं नाही. ‘नवाकाळ’चे तत्कालीन संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिन्ही मुली राष्ट्रीय विजेत्या. १९७६ साली तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली तेव्हा गदारोळ झाला, प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं आणि शेवटी जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी बायकांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही, असा निर्वाळा दिला. १९८१ मध्ये रोहिणी आशियाई महिला विजेती झाली.

एक शंका मात्र अजून पुष्कळांच्या मनात असते, आणि तिचं उत्तर मला सगळ्यात विलक्षण वाटतं. बुद्धिबळात बायका खरंच इतक्या मागे का? जगात साधारण दोन हजार ग्रँडमास्टर, त्यात बायका चाळीसच्या घरात. दिव्याला किताब मिळाला तेव्हा भारताच्या ८८ मध्ये चार होत्या: हंपी, हारिका, वैशाली आणि दिव्या. २००९ साली मेरिम बिलालिच आणि सहकाऱ्यांनी जर्मनीतल्या सुमारे १ लाख २० हजार खेळाडूंची यादी घेतली. तिथे एका बाईमागे सोळा पुरुष खेळत होते. आता विचार करा: एका पिशवीतून सोळाशे चिठ्ठ्या काढल्या आणि दुसऱ्या तशाच पिशवीतून शंभर, तर सर्वांत मोठा आकडा बहुधा सोळाशेंमध्येच सापडेल, दोन्ही पिशव्यांत आकडे अगदी सारखे भरलेले असले तरी. त्यांनी हे गणित मांडलं, तर अव्वल शंभर पुरुष आणि अव्वल शंभर बायका यांच्यातल्या अंतरापैकी ९६ टक्के अंतर नुसत्या संख्येनंच सुटलं. या पद्धतीवर पुढे वादही झाले. तरी ज्याला आपण बुद्धीतलं अंतर समजत होतो त्यातला केवढा तरी भाग हा पटापाशी बसलेल्यांच्या संख्येतला फरक निघाला!

मग प्रश्न उरतो तो संख्येचा. शाळेच्या वयात मुली पटापाशी बसतात. पुढे परगावच्या स्पर्धा येतात, प्रवास, मुक्काम, सोबत कोण जाणार याची चर्चा येते. दहावीचं वर्ष येतं. त्याच सुमाराला मुलगी वयात येते, घरी ‘आता जरा नीट राहा’ सुरू होतं, आणि ती पहिल्यांदा स्वतःकडे दुसऱ्यांच्या डोळ्यांनी बघायला लागते. दिव्याच्या घरानं त्या वर्षांत तिला खेळत ठेवलं, बातुमीतही आई सोबत होती. नागपूरच्या स्पर्धांच्या याद्यांत नऊ वर्षांखालच्या गटात किती मुली असतात आणि एकोणीस वर्षांखालच्या गटात त्यांतल्या किती उरतात, हे कुणीतरी वर्षावर्षानं मोजत गेलं पाहिजे.