नोंदवही सांभाळणारे तिघे
डेटाबेसच्या प्रशिक्षणात काय शिकवतात आणि सिल्वासातल्या मुलांना त्याचा काय उपयोग?



"मुलाला कॉम्प्युटर लाइनला घालायचे आहे," असे पालक सभेत नेहमी ऐकू येते. पण ही 'लाइन' एकच नाही. प्रोग्रॅम लिहिणारे, नेटवर्क जोडणारे, चित्रे आणि खेळ बनवणारे असे त्यात कितीतरी प्रकार आहेत. त्यांतला एक प्रकार फारसा नजरेत भरत नाही, पण त्याच्याशिवाय बँक, रेल्वे, रुग्णालय, कारखाना यांपैकी काहीच चालत नाही. तो म्हणजे नोंदी सांभाळणाऱ्यांचा. या मंडळींसाठी जगभर खास प्रशिक्षण वर्ग भरतात. त्यांची ओळख करून देण्यासाठी हा लेख.

जनरल रजिस्टर आणि डेटाबेस

आपल्या शाळेत जनरल रजिस्टर असते. मूल दाखल झाले की त्याला एक क्रमांक मिळतो आणि त्यापुढे नाव, आईचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ अशी माहिती लिहिली जाते. मूल पुढच्या वर्गात गेले तरी क्रमांक बदलत नाही. वीस वर्षांनी कोणी दाखला मागायला आले तर त्याच क्रमांकावरून पान सापडते.

डेटाबेस म्हणजे संगणकातले असेच रजिस्टर. फरक एवढाच की त्यात अनेक वह्या एकमेकींना जोडलेल्या असतात. एका वहीत विद्यार्थी, दुसरीत फी, तिसरीत गुण. फीच्या वहीत मुलाचे नाव-गाव पुन्हा लिहीत नाहीत, फक्त रजिस्टर क्रमांक लिहितात. त्यामुळे पत्ता बदलला तर तो एकाच ठिकाणी बदलावा लागतो. ही साधी वाटणारी कल्पना एडगर कॉड या आयबीएम कंपनीतल्या शास्त्रज्ञाने १९७० साली एका निबंधात शास्त्रशुद्ध रीतीने मांडली. त्यानंतर चार वर्षांनी त्याच कंपनीत अशा वह्यांना प्रश्न विचारण्याची भाषा तयार झाली. तिला आज एसक्यूएल म्हणतात. ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर, मायएसक्यूएल, पोस्टग्रेस ही नावे तुम्ही ऐकली असतील. या सर्वांचा पाया तोच आहे.

तिघांची तीन कामे

या वह्यांभोवती तीन प्रकारची माणसे काम करतात.

पहिला डेटाबेस ॲडमिनिस्ट्रेटर, म्हणजे डीबीए. हा कोठीचा राखणदार. कोणाला कोणती वही उघडता येईल, नक्कल कधी काढायची, जागा पुरते की नाही, काम मंदावले तर का, हे तो पाहतो.

दुसरा डेव्हलपर. खिडकीवरच्या कारकुनाला किंवा मोबाईलवरच्या ग्राहकाला जो पडदा दिसतो, तो हा बनवतो. आपण बटण दाबल्यावर नोंद योग्य वहीत योग्य रीतीने जावी ही याची जबाबदारी.

तिसरा बिझनेस इंटेलिजन्सचा जाणकार. हा साठलेल्या नोंदींतून अर्थ काढतो. सिल्वासात सुताचे आणि प्लॅस्टिकचे अनेक कारखाने आहेत. कोणते यंत्र महिन्यात किती तास बंद राहिले, कोणत्या पाळीत माल जास्त वाया गेला, हे मालकाला एका तक्त्यात दाखवणे हे त्याचे काम.

आपल्याच घरचे उदाहरण

तिघांचे काम कसे गुंतलेले असते हे समजायला लांब जायला नको. २६ जानेवारी २०२० रोजी दादरा व नगर हवेली आणि दमण व दीव हे दोन केंद्रशासित प्रदेश एक झाले. नकाशावर ही एका दिवसाची गोष्ट, पण नोंदवह्यांमध्ये काय झाले असेल?

जीएसटीचा क्रमांक १५ अक्षरांचा असतो आणि त्यातले पहिले दोन अंक राज्याचे असतात. आपला अंक २६ आणि दमण-दीवचा २५ होता. विलीनीकरणानंतर २६ राहिला आणि १ ऑगस्ट २०२० पासून २५ बंद झाला. म्हणजे दमण-दीवच्या प्रत्येक व्यापाऱ्याचा क्रमांक बदलला. जुनी बिले जुन्या क्रमांकावर, नवी बिले नव्या क्रमांकावर, आणि दोन्ही एकाच दुकानाची आहेत हे संगणकाला सांगायचे. अशा वेळी डीबीएने आधी पूर्ण नक्कल काढून ठेवायची असते. डेव्हलपरने बिलाच्या पडद्यावरची राज्यांची यादी बदलायची असते आणि जुने बिल उघडले तर ते जुन्याच क्रमांकाने दिसेल याची खात्री करायची असते.

तिसऱ्याचे काम आणखी नाजूक. २०११ च्या जनगणनेत दादरा व नगर हवेलीची लोकसंख्या ३,४३,७०९ होती आणि दमण व दीवची २,४३,२४७. आता एखाद्याने जोडप्रदेशाचा नवा आकडा घेतला आणि तो २०११ च्या फक्त ३,४३,७०९ शी ताडून पाहिला, तर लोकसंख्या एकदम फुगल्यासारखी दिसेल. मग त्यावरून शाळा, दवाखाने, धान्य यांचे हिशेब चुकतील. बरोबर तुलना करायची तर आधी दोन्ही जुने आकडे मिळवून ५,८६,९५६ करावे लागतात. बेरीज तिसरीच्या मुलालाही येते. पण ती इथे करायला हवी हे सुचणे, याचेच प्रशिक्षण असते.

वर्गात काय शिकवतात?

असे वर्ग कधी एका दिवसाचे, कधी आठवड्याचे, कधी सहा महिन्यांचे असतात. सकाळी तत्त्व समजावतात आणि दुपारी संगणकावर हात फिरवून घेतात. तिघांना थोडेथोडे वेगळे शिकवले जाते, पण काही धडे सर्वांना समान असतात.

पहिला धडा, दोन्ही किंवा काहीच नाही. वडिलांच्या खात्यातून पाचशे रुपये निघाले आणि तेवढ्यात वीज गेली, तर ते मुलाच्या खात्यात पोहोचायचे राहू नयेत. एकतर दोन्ही नोंदी होतील, नाहीतर पहिलीही रद्द होईल. याला ट्रान्झॅक्शन म्हणतात. वापीहून सुटताना गाडीत एकच जागा उरली असेल आणि दोन खिडक्यांवर एकाच क्षणी मागणी झाली, तरी ती एकालाच मिळते, ती याच शिस्तीमुळे.

दुसरा धडा सूचीचा. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असली की सगळी पाने चाळावी लागत नाहीत. डेटाबेसलाही अशी सूची देता येते. मात्र प्रत्येक नवी नोंद सूचीतही लिहावी लागते, म्हणून गरज नसताना सूच्या वाढवल्या तर लिहिण्याचे काम मंदावते. कुठे सूची हवी आणि कुठे नको, हे सरावानेच कळते.

तिसरा आणि सर्वांत मोलाचा धडा नक्कल ठेवण्याचा. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत रात्री काम करणाऱ्या एका अभियंत्याने चुकून मुख्य डेटाबेसच पुसायला सुरुवात केली. लक्षात येऊन थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी ४.५ जीबी उरले होते. नक्कल काढण्याच्या निरनिराळ्या सोयी तिथे होत्या, पण ऐनवेळी त्या कामी आल्या नाहीत. रोजची नक्कल कित्येक दिवस निघतच नव्हती आणि तसे कळवणारे ई-मेल कोणापर्यंत पोहोचत नव्हते. अखेर दुसऱ्याच कामासाठी सहा तास आधी काढलेली एक प्रत सापडली आणि तिच्यावरून गाडी रुळावर आली. त्या सहा तासांतल्या नोंदी मात्र गेल्या. कंपनीने हे सारे लपवले नाही, उलट सविस्तर लिहून जगापुढे ठेवले. म्हणूनच आज वर्गात हा किस्सा शिकवता येतो. त्याचा बोध असा, की नक्कल काढली एवढ्याने काम संपत नाही. त्या नक्कलेतून नोंदी परत उभ्या करून पाहिल्या तरच ती नक्कल.

नावात काय आहे?

आता आपल्या समाजाला थेट भिडणारी गोष्ट. आपण मराठी घरात बोलतो आणि कचेरीत, बाजारात गुजराती, हिंदी, इंग्रजी वापरतो. त्यामुळे एकच नाव चार तऱ्हांनी लिहिले जाते. 'वाघ' हे आडनाव रोमन लिपीत महाराष्ट्रात बहुधा डब्ल्यूने लिहितात, तर गुजरातेत व्हीने. कोणी आडनाव आधी लिहितो, कोणी शेवटी, कोणी वडिलांचे नाव गाळतो. माणसाला हे एकच मूल आहे हे कळते. संगणकाला ती दोन मुले वाटतात. शाळेच्या दाखल्यावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरे आणि बँकेत तिसरे असले की शिष्यवृत्तीचा अर्ज अडतो. दोष मुलाचा नसतो, पण हेलपाटे मात्र पालकांना पडतात.

देवनागरीतल्या नोंदींचेही असेच. पूर्वी प्रत्येक फॉन्टची स्वतःची गुप्त लिपी असे. फॉन्ट बदलला की मजकुराचा गोंधळ होई आणि नाव शोधता येत नसे. युनिकोडमुळे हा प्रश्न बराच सुटला, तरी काळजी घ्यावीच लागते. आपल्या वर्णमालेत 'ळ' हा 'ह' नंतर येतो, पण युनिकोडच्या संकेतक्रमात तो 'ल'ला लागून आहे. 'क्षीरसागर' हे आडनावही 'क'च्या गर्दीत जाऊन बसते. मराठी क्रम हवा असेल तर तसे संगणकाला सांगावे लागते. हे सांगायला मराठी जाणणारा तंत्रज्ञ हवा. आपल्या मुलांचे चार भाषांचे ज्ञान इथे ओझे नाही, भांडवल आहे.

कुठे शिकता येईल?

पदवीनंतर शिकायचे असेल तर पुण्याच्या सी-डॅकचे नाव प्रथम घ्यावे लागेल. १९८८ साली स्थापन झालेल्या या सरकारी संस्थेच्या पदव्युत्तर पदविकांमध्ये डेटाबेसचा अभ्यास असतो, आणि मोठ्या डेटाच्या विश्लेषणाची वेगळी पदविकाही आहे. त्यासाठी प्रवेश परीक्षा द्यावी लागते. मुंबईच्या आयआयटीतले प्राध्यापक एस. सुदर्शन हे डेटाबेस विषयावरच्या, जगभर शिकवल्या जाणाऱ्या एका पाठ्यपुस्तकाचे सहलेखक आहेत.

शाळकरी मुलांसाठी त्याच आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे धडे मराठीतही आहेत. त्यातल्या 'लिबरऑफिस बेस'च्या धड्यांवरून पहिला डेटाबेस घरबसल्या बनवता येतो. लिबरऑफिस, मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस शिकण्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत.

जाणकारांनी जाणकारांसाठी भरवलेले वर्गही असतात. नोव्हेंबर २००७ मध्ये अमेरिकेतल्या ऑरलँडो शहरात काही डीबीएंनी शनिवारी एक दिवसाचा विनामूल्य वर्ग भरवला. शिकवणारे सगळे स्वयंसेवक. 'एसक्यूएल सॅटर्डे' या नावाने ही प्रथा अनेक देशांत गेली. ती पुढे चालवणारी संघटना जानेवारी २०२१ मध्ये बंद पडली, तरी हे शनिवारचे वर्ग स्वयंसेवकांनी चालू ठेवले.

आपण काय करावे?

विद्यार्थ्यांनी शाळेच्या ग्रंथालयाची नोंदवही हाती घ्यावी. पुस्तके, वाचक आणि देवघेव अशा तीन वह्या संगणकात बनवाव्यात. कोणते पुस्तक सर्वांत जास्त वाचले गेले हे विचारून पाहावे. एवढ्यात तिन्ही कामांची चव कळते.

पालकांपैकी जे कारखान्यांत, बँकांत संगणकावर काम करतात, त्यांनी महिन्यातला एक शनिवार मुलांना द्यावा. इतर पालकांनी आजच घरातले सर्व कागद एकत्र ठेवून मुलाचे नाव आणि जन्मतारीख ताडून पाहावी. फरक असेल तर दहावीचा अर्ज भरण्यापूर्वीच दुरुस्त करावा, नंतर ते फार जिकिरीचे होते.

विश्वस्त मंडळींना दोन विनंत्या. शाळेच्या नोंदींची नक्कल शाळेच्या इमारतीबाहेरही असावी आणि वर्षातून एकदा ती उघडून पाहावी. तसेच मुलांची माहिती कोण पाहू शकतो हे लेखी ठरवावे. २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला असून त्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे.

जनरल रजिस्टर लिहिणारे आपले जुने गुरुजी शाई वाळेपर्यंत पान मिटत नसत आणि खाडाखोड झाली तर शेजारी सही करत. डेटाबेसच्या वर्गात शिकवतात ती शिस्त याहून फार वेगळी नाही. यंत्र नवे आहे, पण नोंद खरी असावी, एकाच जागी असावी आणि हरवू नये, ही अपेक्षा तीच आहे. आपल्या शाळेतून असे राखणदार घडोत, हीच सदिच्छा.