आधी रेडिओ, मग इंटरनेट

१९८४ मध्ये अमेरिकेत घोड्यांची शंभर मैलांची दौड होती. कोणता घोडा कुठवर आला, हे कळावे म्हणून बॉब ब्रुनिंगा या हौशी रेडिओवाल्याने व्हिक-२० या छोट्या घरगुती संगणकावर एक प्रोग्रॅम लिहिला. पुढे जीपीएस आवाक्यात आले आणि १९९२ मध्ये त्याच कल्पनेला ‘एपीआरएस’ हे नाव मिळाले. आज जगभरातली ‘हॅम’ म्हणजेच हौशी रेडिओ मंडळी गाड्या, होड्या, फुगे आणि हवामान केंद्रे नकाशावर दाखवतात, ती याच पद्धतीने.

युक्ती साधी आहे. जीपीएसकडून आलेले स्थान एक छोटा मोडेम १२०० आणि २२०० हर्ट्झच्या दोन स्वरांत बदलतो. वायरलेस सेटवर क्षणभर चर्र असा आवाज येतो, तोच संदेश. गाडी पुण्यात असेल तर त्यात ‘१८३१.२२एन’ आणि ‘०७३५१.४०ई’ असे आकडे असतात. म्हणजे १८ अंश ३१.२२ मिनिटे उत्तर, ७३ अंश ५१.४० मिनिटे पूर्व. अक्षांशातल्या मिनिटाचा शंभरावा भाग जमिनीवर साधारण १८ मीटर भरतो, तेव्हा गाडी कोणत्या चौकात आहे हे कळायला एवढे पुरते. सोबत पाठवणाऱ्याची ओळख, म्हणजे कॉल साइन, असतेच. तिच्यामागे ९ आकडा असेल तर बहुधा मोटार, ११ असेल तर फुगा, असा संकेत आहे.

स्थान सांगणारे हे संदेश पोच मागत नाहीत. दवंडी पिटणारा ‘ऐकलं का’ म्हणून प्रत्येक दारात थांबत नाही, तसेच हे. म्हणूनच एकाच फ्रिक्वेन्सीवर अनेक केंद्रे नांदू शकतात. उंचावरचे ‘डिजिपीटर’ ऐकलेला संदेश पुन्हा प्रसारित करतात. किती वेळा, हे संदेशातच लिहिलेले असते आणि प्रत्येक उडीला तो आकडा घटतो, नाहीतर तोच संदेश घुमत राहून वाट अडवेल. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरूनही १४५.८२५ मेगाहर्ट्झवर असे पुनःप्रसारण होते.

इंटरनेट येते ते यानंतर. ‘आयगेट’ म्हणजे एका बाजूला रेडिओ आणि दुसऱ्या बाजूला इंटरनेट असलेले केंद्र. ते ऐकलेले संदेश सर्व्हरकडे ढकलते. एकच संदेश चार आयगेटनी ऐकला तर सर्व्हर एक ठेवून बाकीचे गाळतो. मग फिनलंडमधून चालणाऱ्या ‘एपीआरएस डॉट एफआय’सारख्या नकाशावर ती गाडी कुणालाही दिसते. कुणालाही म्हणजे खरोखर कुणालाही, कारण हौशी रेडिओवर संदेश गुप्त ठेवायला मनाई आहे. घरासमोर उभ्या गाडीचे स्थान प्रसारित करण्याआधी एवढे ध्यानात ठेवावे.

या सोयीने एक नुकसानही केले आहे, असे माझे ठाम मत आहे. अनेकांना एपीआरएस म्हणजे वेबवरचा नकाशाच वाटतो. मोबाइलच्या ॲपमधून थेट सर्व्हरला स्थान पाठवले की ठिपका दिसतो खरा, पण त्यात रेडिओ कुठेच नसतो. पूर आला, वीज गेली, मोबाइलचे टॉवर बंद पडले की तो ठिपका गोठतो. रेडिओवर चालणारी व्यवस्था मात्र बॅटरी असेपर्यंत परिसरातल्या प्रत्येक सेटला स्थान आणि छोटे लिखित निरोप देत राहते. ब्रुनिंगा यांचाही भर आसपास आत्ता काय चालले आहे, ते तिथल्या सर्वांना कळण्यावरच होता.

या रेडिओलहरी डोंगर ओलांडत नाहीत, म्हणून सह्याद्रीत घरातल्या आयगेटपेक्षा माथ्यावरच्या डिजिपीटरचे मोल जास्त. परवानाधारक हॅम मित्रांनी आधी तो उभारावा, सौर पॅनेल आणि बॅटरीसह. आयगेट नंतर जोडता येईल.