विज्ञान शिक्षणात कीटकांचा व इतर संधिपाद प्राण्यांचा उपयोग

जीवशास्त्राच्या अध्यापनात कीटक, कोळी, विंचू, गोम, खेकडे इत्यादी संधिपाद प्राण्यांचा निरीक्षणासाठी व प्रयोगांसाठी उपयोग केला जातो. हे प्राणी सर्वत्र आढळतात, त्यांतील अनेकांचे जीवनचक्र अल्पावधीत पूर्ण होते आणि त्यांच्या निरीक्षणास महागडी उपकरणे लागत नाहीत. महाराष्ट्रातील चंद्रपूर व गडचिरोली या वनबहुल जिल्ह्यांत उपजीविका व आरोग्य या दोन्ही दृष्टींनी कीटकांचा लोकजीवनाशी निकटचा संबंध आहे. त्यामुळे येथील शाळांना अभ्यासाची सामग्री परिसरातच उपलब्ध होते.

पार्श्वभूमी

सडलेल्या मांसात अळ्या आपोआप उत्पन्न होतात, हा समज इटालियन वैद्य फ्रान्चेस्को रेदी यांनी १६६८ मध्ये प्रयोगाने खोडून काढला. उघड्या भांड्यातील मांसावर माश्या बसल्या व अळ्या झाल्या. जाळीदार कापडाने झाकलेल्या भांड्यातील मांसात त्या झाल्या नाहीत. तुलनेसाठी नियंत्रित नमुना का ठेवावा, हे समजावण्यास हा प्रयोग आजही उपयुक्त ठरतो. थॉमस हंट मॉर्गन यांनी १९१० पासून फळमाशीवर केलेल्या संशोधनातून आनुवंशिकतेतील गुणसूत्रांची भूमिका स्पष्ट झाली. त्यासाठी त्यांना १९३३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

वर्गीकरण

पावसाळ्याच्या आरंभी दिसणारा मखमली लाल ‘मृगाचा किडा’ वर्गीकरण शिकवण्यास सोयीचा आहे. प्रौढावस्थेत त्याला आठ पाय असतात व शृंगिका नसतात. म्हणजे नावात ‘किडा’ असला तरी तो कीटक नसून कोळी व विंचू यांच्या अष्टपाद वर्गातील आहे. पायांची संख्या, शरीराचे भाग, शृंगिका व पंख एवढ्या निकषांवर विद्यार्थी मुंगी, कोळी, गोम व खेकडा यांचे गट स्वतः पाडू शकतात.

टसर पतंग

गडचिरोली जिल्ह्यातील आरमोरी परिसर टसर रेशमासाठी, म्हणजेच कोशासाठी, प्रसिद्ध आहे. ढिवर समाजातील अनेक कुटुंबे हा व्यवसाय परंपरेने करतात. तुतीच्या रेशीमकिड्याप्रमाणे टसरच्या अळ्या घरात वाढवत नाहीत; त्या ऐन व अर्जुन या झाडांवर सोडतात आणि पक्षी, मुंग्या यांपासून त्यांची राखण करतात. अळी चार वेळा कात टाकते व नंतर फांदीला देठाने घट्ट बांधलेला कोष विणते. कोषातून निघणारा पतंग काहीच खात नाही. अळीच्या अवस्थेत साठवलेल्या अन्नावरच तो जगतो. अंडे, अळी, कोष व पतंग या चार अवस्थांचे पूर्ण रूपांतरण येथे सहज पाहता येते. टोळ किंवा झुरळ यांच्यातील अपूर्ण रूपांतरणाशी त्याची तुलना करता येते. पालकांचे अनुभवजन्य ज्ञान वर्गात आणण्याची संधीही यातून मिळते.

डास व हिवताप

गडचिरोली हा राज्यातील हिवतापाचा सर्वाधिक प्रादुर्भाव असलेल्या जिल्ह्यांपैकी एक असल्याने डासांचा अभ्यास येथे केवळ परीक्षेपुरता राहत नाही. हिवतापाचे परजीवी डासाच्या शरीरात असतात, हे रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे दाखवले. हिवताप पसरवणाऱ्या ॲनॉफिलीस डासाची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर राहते, तर क्युलेक्सची अळी श्वसननलिका वर करून तिरकी लोंबकळते. ॲनॉफिलीस एकेक सुटे अंडे घालतो, क्युलेक्सच्या अंड्यांचा तराफा असतो. बसलेल्या प्रौढ ॲनॉफिलीसचे शरीर भिंतीशी कोन करते. हे फरक साध्या भिंगाने ओळखता येतात. नाले, डबकी व धानाच्या बांध्या यांतील अळ्यांची नोंद ठेवल्यास रोग कोठून पसरतो, हे विद्यार्थ्यांना स्वतः शोधता येते. अळ्यांचे भांडे नेहमी कापडाने घट्ट झाकावे आणि डास बाहेर पडण्यापूर्वी पाणी कोरड्या जमिनीवर ओतावे.

भाषा

गडचिरोलीतील अनेक मुलांची मातृभाषा माडिया किंवा गोंडी आहे, तर बहुतेक शाळांचे माध्यम मराठी आहे. प्राण्याचे घरचे नाव, मराठी नाव व शास्त्रीय नाव असा तिहेरी तक्ता मुलांकडूनच करून घेतल्यास माहीत असलेल्या गोष्टीपासून नव्या संज्ञेकडे जाता येते. माडिया समाजात तांबड्या मुंग्यांची चटणी खाल्ली जाते. पाने शिवून घरटे करणाऱ्या या मुंग्यांविषयी मुलांना पुस्तकापेक्षा अधिक माहिती असू शकते.

नीतिविषयक व कायदेशीर मर्यादा

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये प्राणिविच्छेदन कमी करण्याविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. शालेय स्तरावर निरीक्षण करून प्राणी मूळ जागी सोडणे श्रेयस्कर मानले जाते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार काही फुलपाखरांसह अनेक प्रजाती संरक्षित आहेत. ताडोबा-अंधारी, चपराळा, भामरागड यांसारख्या संरक्षित क्षेत्रांत परवानगीविना कोणताही प्राणी पकडता येत नाही. विंचू, गोम व आग्या मधमाश्यांचे पोळे यांचे निरीक्षण दुरूनच करावे.